आई बाहेर आली की विकेट पडते

सिंगापूरमध्ये बेसबॉल सकाळी असतो. तिकडे अमेरिकेत संध्याकाळचे मैदानावरचे दिवे लागले, की इथे तोआ पायोहमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझा चहा उकळत असायचा. लोक सकाळी उठून योगासनं करतात, मी लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडून मॅच लावायचे. माझी युनिव्हर्सिटीतली लॅब जवळ होती आणि तिथे दहा-साडेदहाला पोचलं तरी कुणी काही म्हणत नसे. नवऱ्याला मात्र चांगी बिझनेस पार्कला बँकेच्या ऑफिसात वेळेवर हजर राहावं लागायचं. बूट घालता घालता तो रोज एकच विचारायचा, "झाली का एखादी तरी रन?" बहुतेक वेळा झालेली नसायची.

हे वेड मी अमेरिकेतून आणलं. पीएचडी करत होते त्या थंड शहरात स्वस्त तिकिटांचा एक वार असायचा. पहिल्यांदा लॅबमधल्या मंडळींबरोबर गेले तेव्हा आमचा संघ इतका मागे पडला, की मंडळी अर्ध्यातून उठून गेली. माझ्या बसला अजून खूप वेळ होता आणि बसस्टॉपवर बोचरा वारा होता, म्हणून मी थांबले. मैदान निम्मं रिकामं, मी दोन स्वेटर घालून कुडकुडत बसलेली, आणि शेवटच्या इनिंगमध्ये आमच्या लोकांनी एकामागून एक फटके मारून मॅच खेचून आणली. शेजारच्या अनोळखी म्हातारबुवांनी मला मिठी मारली. पुण्याच्या मुलीला अनोळखी म्हाताऱ्याने मिठी मारावी आणि तिने उलट त्यांच्या पाठीवर थोपटावं, हे त्या दिवशीच झालं. बस चुकली ती चुकलीच.

नवऱ्याला या खेळात राम वाटत नसे. तो क्रिकेटवर वाढलेला, त्यामुळे त्याच्या डोक्यात कायम उरलेली षटकं चालू. चार रन मागे पडलो की तो "संपली मॅच" म्हणून मोकळा व्हायचा. मी त्याला सांगून दमले, की बाबा रे, इथे षटकं नसतात. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये तीन गडी. शेवटचा तिसरा गडी बाद होईपर्यंत तुम्ही हवं तितकं खेळा, शंभर रन काढा, कुणी घड्याळ दाखवत नाही. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "संपली मॅच".

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. लॅबमध्ये मी पुराव्याशिवाय अक्षर बोलत नाही, पण मॅचच्या वेळी माझा निळा कप ठरलेला, सोफ्याचा उजवा कोपरा ठरलेला, आणि आपल्या खेळाडूंचे फटके लागत असतील तर जागचं हलायचं नाही हा नियम ठरलेला. कप विसळायचासुद्धा नाही.

अशा आमच्या घरी एका ऑगस्टमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. बाबा, म्हणजे सासरे, आले नाहीत. विमानात पाय आखडतात हे त्यांनी सांगितलेलं कारण. खरं कारण, परदेशात टेस्ट सिरीज चालू होती आणि आपल्या घरच्या आपल्या खुर्चीतून उठायची त्यांची तयारी नव्हती.

सासूबाईंचं माझं बरं होतं, म्हणजे दोघीही फार जपून वागत होतो. त्या "तू बस, मी करते" म्हणायच्या, मी "अहो आई, तुम्ही बसा" म्हणायचे, आणि शेवटी दोघी उभ्याच. त्यात माझ्या लक्षात आलं, की सकाळी सातला मॅच सुरू झाली की त्या स्वयंपाकघरात जातात आणि संपेपर्यंत बाहेर म्हणून येत नाहीत. मी लगेच अर्थ लावला. सकाळच्या प्रहरी सून सोफ्यावर पाय घेऊन टीव्ही बघते, हे त्यांना खपत नाहीये. मी आवाज कमी केला. मांडीवर ताट घेऊन मटार सोलायला लागले. तरी त्या आतच.

शेवटी एका सकाळी मला राहवेना. मी आत गेले. ओटा लखलखीत पुसलेला, पोळ्यांचा डबा भरलेला, बाहेर बांबूवर कपडे वाळत घातलेले. करण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं. आणि सासूबाई सिंकपाशी नुसत्या उभ्या राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"आई, तुम्हाला राग आलाय का? मी मॅच बंद करते हवं तर."

"अगं, राग कसला? मॅच चालू आहे ना तुझी?"

"हो."

"मग मी बाहेर कशी येऊ?"

मला काही कळेना. त्यांनाच माझं आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "यानं सांगितलं नाही तुला? मी बाहेर आले की विकेट पडते."

मग ती सगळी हकिगत बाहेर आली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी घरात टीव्ही आला. सगळे दीर, शेजारीपाजारी मॅचला जमलेले. ह्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि आपला जमलेला बॅट्समन बाद झाला. कुणीतरी म्हणालं, "वहिनी आल्या आणि गेला बघा." सगळे हसले, ह्यासुद्धा हसल्या. पुढच्या मॅचला पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तेव्हापासून तो त्या घरचा कायदाच झाला. मॅच असली की ह्या आत. चहा झाला की कपावर चमचा वाजवायचा, कुणीतरी येऊन ट्रे घेऊन जायचं. पुढे मुलगा मोठा झाला आणि "आई, येऊ नकोस हं" असं तोही ओरडायला लागला.

"आणि दोन हजार अकराची फायनल?" मी विचारलं.

"आतच होते की. तो शेवटचा सिक्स मी ऐकला. आधी आपल्या हॉलमधून सगळे ओरडले, मग अख्खी सोसायटी ओरडली, मग फटाके. कणीक भिजवत होते." आणि मग माझा चेहरा बघून त्यांनी मलाच समजावलं, "नंतर पाहिला ना मी हायलाइट्समध्ये. हायलाइट्सना मला चालतं."

मला इतका संताप आला, की त्या दिवशी आमचा संघ जिंकला की हरला ते मला आजही आठवत नाही. संध्याकाळी नवरा घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच मी त्याला धरलं. तो बिचारा बुटाची लेस सोडत होता. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, पण खरंच पडायची!" इंजिनियर माणूस हा. मी तोंड उघडलं आणि माझी नजर ओट्यावरच्या निळ्या कपाकडे गेली. सकाळपासून तो न विसळता तसाच ठेवलेला होता. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना बाहेर बोलावलं. म्हटलं, "आमचा संघ तुम्ही यायच्या कितीतरी आधीपासून हरतोय. त्याचं खापर तुमच्यावर कोण फोडणार?" बरंच हो-नाही झाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. लाल प्लास्टिकचं स्टूल उंबऱ्याशी ठेवलं, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा टेकल्या. आणि त्या टेकल्या न टेकल्या तोच समोरच्या संघाच्या एका धटिंगणाने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावून दिला. होम रन.

त्या ताडकन उठल्या. "बघ. म्हटलं नव्हतं?"

माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. त्याची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी जरा जोरात म्हणाले, "बसा हो आई! त्याचं कामच आहे ते, त्याला त्याचे पैसे मिळतात."

त्या बसल्या. हळूहळू ते स्टूल पुढे सरकायला लागलं. आज एक फरशी, चार दिवसांनी आणखी एक. सप्टेंबर उजाडेपर्यंत ते टीपॉयला लागलं होतं. नियम त्या चटकन शिकल्या, खेळाडूंची नावं मात्र लक्षात ठेवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. एक होता दाढीवाला, एक सारखा तोंड हलवणारा चघळ्या, आणि एक गोल चेहऱ्याचा, जाडसर, पळताना पँट सावरणारा. त्याला त्या गुटगुटीत म्हणायच्या. गुटगुटीतचा तो हंगाम वाईट चालला होता. तो आला की लोक हुर्यो करायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "ओरडून काय होणार आहे? त्याला काय मारायचं नाहीये का?"

षटकं नसतात, हे त्यांना फारच आवडलं. पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे कितीही मागे असलो तरी?"

"तिसरा बाद होईपर्यंत."

"आणि कुणी वेळ झाली म्हणत नाही?"

"नाही."

"मग बरा आहे की खेळ," त्या म्हणाल्या.

मॅचनंतर आम्ही दोघी खाली मार्केटात जायचो. तिथल्या भाजीवाल्या चिनी आंटीशी सासूबाईंची दोस्ती झाली. आधी बोटं आणि माना हलवून, मग त्यांच्या इंग्रजीतून. "टुडे विन," त्या सांगायच्या. आंटीला बेसबॉलचं काय पडलंय, पण ती दर वेळी हात उंचावून म्हणायची, "वाह, विन आह? व्हेरी गुड लाह!" आणि कोथिंबिरीची एक काडी जास्त टाकायची. हरलेल्या दिवशी सासूबाई आधीच मान हलवायच्या, आणि आंटीही चुकचुकायची.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. मॅच रंगात आली, की ह्यांना आत काहीतरी आठवायचं. कुकर, नाहीतर दूध, नाहीतर वाळत घातलेली चादर. त्या महिन्यात आमच्या लोकांनी हातातून गेलेल्या दोन-तीन मॅच शेवटच्या इनिंगमध्ये फिरवल्या. प्रत्येक वेळी मी सोफ्याच्या कोपऱ्यात किंचाळत होते आणि आतून प्रश्न यायचा, "जिंकलो का गं?" बावन्न पत्त्यांतला हुकमी पत्ता कुणीतरी दर वेळी काढून घ्यावा तशा त्या शेवट तेवढा सोडून सगळी मॅच बघत होत्या. दिवाळीआधी त्या पुण्याला परत जाणार होत्या. मला एवढंच हवं होतं, की जायच्या आधी त्यांनी एक मॅच बाहेर बसून शेवटपर्यंत बघावी. संघाने कुठवर मजल मारावी याहीपेक्षा मला त्याची जास्त काळजी लागली होती. हे माझ्याकडून लिहिलं जातंय याचं माझं मलाच नवल वाटतं.

साखळीतली शेवटची महत्त्वाची मॅच आली ती शनिवारी. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर पुढच्या वर्षी भेटू. शनिवार म्हणून नवरा घरी. खालून कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट आणून तोही सोफ्यावर बसला. त्याच्या शेजारी मी माझ्या कोपऱ्यात, आणि टीपॉयपाशी स्टुलावर सासूबाई.

मॅच अगदी रटाळ झाली. आमच्या लोकांची बॅट चेंडूला लागेचना. शेवटच्या इनिंगला आमची पाळी आली तेव्हा पाच-एक असे मागे होतो, आणि पहिलाच गडी फुकट बाद झाला. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं आणि अगदी सहज, पंख्याचं बटण दाबायला सांगावं तसं म्हणाला, "आई, तू जरा आत जा बघू."

त्या उठल्यासुद्धा. सरळ आत गेल्या.

मी काही बोलायच्या आत दाढीवाल्याने चेंडू टोलवला आणि पहिल्या बेसवर पोचला. "बघ!" नवरा ओरडला. पुढच्याला बोलरने, म्हणजे इथल्या भाषेत पिचरने, चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिला. त्यानंतरच्याने फटका मारला, एक रन आली. त्याच्यानंतर चघळ्याने चेंडू पार कोपऱ्यात घालवला आणि दोघे धावत घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत पोचले, दोन रन. पाच-चार! ज्याला बेसबॉलात राम वाटत नव्हता तो माझा नवरा सोफ्यावर उभा होता. आतून आवाज आला, "काय झालं रे?"

"काही नाही, तू तिथेच थांब!" हा ओरडला. "हलू नकोस!"

पुढचा गडी बाद झाला. म्हणजे दोन बाद, आता एकच उरला. त्याच्या पुढच्याला पुन्हा फुकट बेस मिळाला. दोघे जण बेसवर, एक रन मागे, आणि बॅट घेऊन येतोय कोण, तर गुटगुटीत. मैदानात निम्म्या लोकांनी कपाळावर हात मारले.

माझा जीव टांगणीला लागला होता. निळा कप हातात, उजवा कोपरा पक्का. सगळं कसं जुळून आलं होतं, आणि त्या जुळून येण्यात सासूबाई आत असणं हेही होतं, हे मला पुरतं कळत होतं. मी कप टीपॉयवर ठेवला आणि उठले.

"कुठे चाललीस?" नवरा घाबरून म्हणाला. "आता? बस खाली!"

सासूबाई सिंकपाशी उभ्या होत्या. हात पुसलेले, नजर घड्याळाकडे. मला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "तू इथे काय करतेस? जागा सोडलीस? जा, जा आधी बाहेर!"

"तुम्ही चला."

"वेड लागलंय का? जिंकतायत ना आता?"

"म्हणूनच चला. हरलो तर हरलो. गुटगुटीत आलाय."

त्यांनी पदराने उगाच पुन्हा हात पुसले आणि बाहेर आल्या. स्टुलावर नाही, मी त्यांना माझ्या कोपऱ्यात बसवलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. एक स्ट्राइक. दुसरा स्ट्राइक. तिसऱ्याला खेळ खलास. आणि नेमकं तेव्हा चित्र अडकलं, टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागलं. "झालं! नेटसुद्धा गेलं!" नवरा कळवळला. सासूबाई उठायला लागल्या. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला.

चित्र सुटलं तेव्हा पिचर हात मागे घेत होता. गुटगुटीतने बॅट फिरवली. चेंडू दोन खेळाडूंच्या मधून गेला, टप्पा घेतला आणि कुंपणाकडे पळत सुटला. पहिला घरी आला, त्याच्यामागून दुसरा घसरत, धूळ उडवत आला, आणि पलीकडे गुटगुटीत पँट सावरत दुसऱ्या बेसकडे धावत होता, कारण मॅच संपलीय हे त्याला अजून कळलंच नव्हतं. मी ओरडले. नवरा माझ्याहून जोरात ओरडला. अख्खा संघ जाऊन गुटगुटीतच्या अंगावर पडला.

सासूबाई मात्र टक लावून बघत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जिंकलो का गं?"

"अहो आई, तुम्ही पाहिलंत ना!"

"पाहिलं गं. पण मला कुणीतरी सांगायची सवय आहे."

मला रडूच फुटलं. नवरा हळूच खाली बसला. म्हणाला, "पण सुरुवात ती आत असताना झाली, हे तर मान्य कराल?" आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो थंड झालेली कोपी गरम करायला उठून गेला.

बाद फेरीत आमचा संघ पहिल्याच झटक्यात हरला. ती मॅचही सासूबाईंनी पूर्ण बघितली, कोपऱ्यात, माझ्या कपातून चहा पीत. खाली जाऊन आंटीला मान हलवून दाखवली. दिवाळीच्या आधी त्या पुण्याला गेल्या. विमानतळावर त्यांनी फक्त गुटगुटीतला पुढच्या वर्षी ठेवतील ना, एवढं विचारलं.

त्यानंतर हिवाळ्यातली गोष्ट. एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. बाबांचा. ते कायम मुलाला फोन करायचे, मला करायची ही पहिलीच वेळ. मी सांभाळून विचारलं, "बाबा, सगळं ठीक आहे ना? आई बऱ्या आहेत ना?"

"बरी कसली, ठणठणीत आहे," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "सूनबाई, तू हिला काय शिकवून पाठवलंयस? सकाळपासून मॅच चालू आहे आणि ही सोफ्यावर बसलीय. माझ्या शेजारी! मी म्हटलं, आत जा. तर म्हणते, सगळे बाद होईपर्यंत मी इथेच बसणार आहे."

मला हसू आवरेना. "मग? विकेट पडली का?"

"एक? तीन पडल्या!"

"मग आई काय म्हणाल्या?"

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता आणि त्यातून सासूबाईंचा, मॅचला जमलेल्या शेजाऱ्यांना ओरडू नका म्हणून दटावणारा.

"काही म्हणाली नाही," बाबा म्हणाले. "चहाची वेळ झाली तरी उठली नाही. मग मीच आत आलोय. साखर कुठे असते, तेवढं विचारायला फोन केला."